जिजीचा कागद

उन्हाळा लागला की आमच्या गल्लीत सगळ्यात जास्त मागणी असायची ती जिजीच्या कागदाला. आधीच सांगून ठेवते, आमच्याकडे प्लास्टिकच्या पसरायच्या चादरीलाही कागदच म्हणतात. लिहायचा कागद वेगळा, अंथरायचा वेगळा, आणि आम्हा बायकांचा संबंध अंथरायच्याशीच जास्त. बिबड्या करायच्या? जिजीचा कागद आणा. कुरडया, वड्या, नंदुरबारच्या बाजारातून आणलेली लाल मिरची, काहीही वाळवायचं असो, कागद जिजीचाच. सगळं अंगण झाकेल एवढा मोठा आणि बघत राहावं इतका पांढराशुभ्र.

जिजी म्हणजे माझी मोठी जाऊ. मी या घरात आले तेव्हा भाकरी मला येत होती. शेजारणींशी कसं बोलायचं ते तिनं शिकवलं. पुढं मी त्यात तिच्यापेक्षा तरबेज झाले, ती गोष्ट वेगळी. आमचं गाव तापीकाठचं, शहाद्याच्या एसटीनं अर्ध्या तासावर, सगळीकडे केळी, कापूस आणि ऊस. गावात अबोल बाई शोधून सापडायची नाही. जिजी तेवढी अबोल. रागावली तरी तिचा आवाज चढायचा नाही, आणि माझा हसतानासुद्धा गल्लीच्या टोकापर्यंत जातो.

माझे जेठ, म्हणजे जिजीचे मालक, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत गेले. मूलबाळ नव्हतं. जिजीनं आपली चूल मागच्या खोलीत मांडली. आम्ही नको नको म्हणालो, तिनं ऐकलं नाही. त्यानंतर गल्लीत एक गोष्ट झाली ती कुणी बोलून केली नाही. तिला बोलावणं यायचं थांबलं. हळद असो, डोहाळजेवण असो, कुणी तोंडावर "येऊ नका" म्हटलं नाही. पण "ती कशी येईल बिचारी" असं लोक परस्पर ठरवून मोकळे व्हायचे. त्यातही वड्यांचा मुहूर्त म्हणजे तर सवाष्णींचंच राज्य. लग्न ठरलं की चांगला दिवस बघून डाळ वाटायची, पाच सवाष्णींनी गाणी म्हणत पहिल्या वड्या घालायच्या, मगच लग्नघराचं काम सुरू. तिथं विधवेची सावलीही नको. जिजी मागच्या दारात तांदूळ निवडत बसायची आणि गाणी ऐकायची. गाणी तिला सगळी पाठ होती.

मग एका हिवाळ्यात तिनं हा कागद केला. खताच्या गोणीत आतून जी जाड पिशवी असते ती गोठ्याच्या कोपऱ्यात ढिगानं पडलेली असते. तसल्या पिशव्या तिनं गोळा केल्या, उभ्या फाडल्या, सोड्याच्या पाण्यात घासून घासून धुतल्या आणि दाभण-सुतळीनं एकीला एक जोडत गेली. टाके असे बारीक, की माझ्या ब्लाउजलाही शिंप्यानं तसे घातले नाहीत. लोकांना आधी हसू आलं. पण उन्हाळ्यात त्याच्यावर पहिल्या बिबड्या पडल्या आणि सगळ्यांचे डोळे उघडले.

बिबडीची भानगड ज्याला माहीत नाही त्याला सांगते. ज्वारी भिजवून कुटायची, तिखट, लसूण, तीळ घालून मोठ्या पातेल्यात तिचा घट्ट घाटा शिजवायचा आणि कढत कढत ओल्या हातानं कपड्यावर थापायचा. वाळली की ती कपड्याला अशी चिकटते, की कपडा उलटा करून पाठीवर पाणी शिंपडायचं, ती मऊ पडेपर्यंत थांबायचं आणि मग जिवाच्या करारानं सोडवायची. निम्म्या तुटतात. जिजीच्या कागदावर? ऊन चढलं की बिबडी आपोआप कड सोडून टण्णकन उभी राहायची. नुसत्या वेचायच्या. गल्ली खुळावून गेली.

आणि कागद जिथं जाईल तिथं जिजीला बोलावणं आलं. दुसऱ्याच्या हाती ती कागद देत नसे. "टाका तुटतीन" म्हणायची. सकाळी गुंडाळी काखेत मारून निघायची, कागद पसरायची, कडेला दगड ठेवायची, दिवसभर काठी घेऊन शेळ्या-कावळे हाकलायची आणि संध्याकाळी माल निघाला की कागद पुसून, गुंडाळून घरी. लग्नघरीसुद्धा. मुहूर्ताला तिचा हात चालत नव्हता, पण कागद लागायचाच. म्हणून ती यायची. पहिल्या पाच वड्या सवाष्णी घालायच्या आणि जिजी भिंतीला टेकून उभी राहायची. नंतर कुणी म्हणायचं, "जिजी, तुम्ही बी लागा कामले," की ती पदर खोचायची. रिकाम्या हातानं मात्र ती कुणाच्या अंगणात गेली नाही. संध्याकाळी घरी आली की मला गल्लीची सगळी खबर द्यायची, तीही हळू आवाजात. तिचा चेहरा तेव्हा उजळलेला असायचा.

असे किती उन्हाळे गेले. मग माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आली.

पोर सासरी नाशिकला. चैत्रातच आली, म्हटलं चला, बिबड्यांना हाताशी येईल. येते कसली! पाटावर बसून गरम घाट्यावर तेल ओतून वाटीवर वाट्या रिचवत होती. मी म्हटलं, खा बाई खा, दोन जिवांची आहेस. थापायचं काम मी आणि जिजी करत होतो. कागद नेहमीसारखाच पसरलेला. त्या साली एका कोपऱ्यात नवं थिगळ होतं. उंदरानं कुरतडलं म्हणून जिजीनं गोठ्यातली एक पिशवी घेऊन जोडलं होतं.

दुपारी बिबड्यांनी कडा सोडल्या. पोर उठून वेचायला गेली आणि कोपऱ्यातून हाक मारली, "आई, हाई काय शे?"

तिच्या हातातल्या बिबडीच्या पोटावर लाल डाग होता. नीट बघितलं तर तिरपा चौकोन. अर्धा पुसट, अर्धा ठळक, आणि खाली उलटी अक्षरं. पोरीनं वाकून ते थिगळ बघितलं. लाल चौकोन, वरच्या टोकात कवटी आणि हाडं. केळीच्या बुंध्याशी टाकायचं दाणेदार औषध येतं ना, त्याची पिशवी. छापील बाजू वर आली होती, आणि कढत घाट्यानं शाई उचलून घेतली होती.

तो लाल चौकोन आमच्याकडे शेंबडं पोरही ओळखतं. माझे मालक लेकरांना लहानपणापासून सांगत आले, लाल खूण दिसली की हात लावायचा नाही. औषध टाकणारा गडी हातात पिशव्या बांधतो, वारा पाठीवर घेतो, आल्यावर अंघोळ केल्याशिवाय पोरांना जवळ घेत नाही. एवढं सगळं आम्हाला कळतं. पण पिशवी रिकामी झाली, सोड्यानं धुतली, की आमच्या डोक्यातून औषध निघून जातं. धुतलं की गेलं! मग ती पिशवी राहत नाही, तिचा कागद होतो. माझ्याही डोक्यात हा विचार त्या दिवसापर्यंत आला नव्हता. पोर पोटावर हात ठेवून उभी होती आणि तिच्या दुसऱ्या हातात ती कवटीची बिबडी.

जिजी तेव्हा पाणी आणायला आत गेली होती. मी ती बिबडी पटकन पदराखाली घातली आणि पोरीला डोळ्यांनी गप्प केलं.

मालक शेतातून आल्यावर त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी उलटी-सुलटी करून बघितली आणि म्हणतात कसे, "इतला वरीस खाधं, कोनले काय व्हयनं?"

"तुमनं डोकं गयं, ते काय कमी शे?" मी म्हटलं.

ते हसले, मग पोरीकडे बघितलं. उठून कोपऱ्यातल्या त्या सगळ्या बिबड्या त्यांनी टोपलीत भरल्या आणि बांधाला खड्डा करून पुरल्या. गुरांनाही घातल्या नाहीत. त्यावरून मला कळलं की माणसाला भीती वाटलेली आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी घर धरलं. माझं असंच आहे, एकदा डोक्यात घेतलं की मग देव जरी आडवा आला तरी त्याला बाजूला सरकवून केर काढीन. एकेक वस्तू हातात घेऊन बघायला लागले आणि माय वं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो काय वेगळा असतो? मजुरांना पाणी न्यायचा डबा औषधाचा. झाकण गच्च बसतं म्हणून मालकांचा लाडका. संडासातला डबा औषधाचा, तो एक चालेल म्हटलं, पण तोच डबा पावसाळ्यात रॉकेलला आणि उन्हाळ्यात काकवीला कुणाच्या घरी नसतो? अंगणातला निळा ड्रम बाजारातून आणला तेव्हा आत कसला तरी उग्र वास होता. आठवडाभर चिंचेच्या पाण्यानं धुऊन आम्ही त्यात प्यायचं पाणी भरलं होतं. गव्हाच्या कोठीत फडक्यात बांधलेल्या कीडमार गोळ्या. लोणचं प्लास्टिकच्या बरणीत, खारानं बरणीचा रंग उडालेला. तो उडालेला रंग गेला कुठं, तर आमच्या पोटात. चूल पेटवायला काडीखाली दुधाच्या पिशवीचा तुकडा. तो तर मी रोज सकाळी स्वतःच्या हातानं लावत होते आणि त्या धुरावर पहिली भाकरी.

मालक ओट्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. "हाऊ डबा ऱ्हाऊ दे. तो डबा चांगला शे." मी म्हटलं, तुम्हाला त्या डब्याशी लग्न करायचं असेल तर करा, मी करवली होते. पण पाणी तांब्याच्या कळशीतून जाईल. आठ दिवस गजबज झाली. गव्हाला कडुनिंबाचा पाला आणि राख, तुरीच्या डाळीला एरंडेल तेलाचा हात, लोणच्याला माळ्यावरची चिनीमातीची बरणी. सगळं आमच्या सासूबाई करत होत्या तेच. नवं काही नव्हतं, फक्त कष्ट जास्त होते. गव्हात पुढं थोडे किडे झाले, खोटं कशाला सांगू. चाळून, ऊन देऊन खाल्ला.

घरातलं सगळं निघालं. कागद राहिला.

तो माझ्या घरातला नव्हताच ना! डबा माझा, ड्रम माझा, फेकून दिला, कुणाच्या बापाचं गेलं? पण कागद जिजीचा, आणि एक थिगळ काढून भागणार नव्हतं, बाकीच्या पिशव्याही खताच्याच. त्यावर गल्लीतली प्रत्येक चूल वर्षभर खात होती. तो बंद केला नाही तर माझ्या लेकीच्या आणि सगळ्यांच्या लेकरांच्या ताटात ते जाणार. आणि बंद केला तर जिजीला कुणाच्या अंगणात जायला कारण उरणार नाही. एवढंच होतं, आणि ते एवढं मोठं होतं की मला जेवण जाईना. बोलायला मी घाबरत नाही कुणाला, पण रोज सकाळी मागच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे आणि "मीठ शे का?" विचारून परत यायचे. जिजी मुकाट्यानं मीठ द्यायची. माझ्याकडे मिठाचा डोंगर झाला.

मालक म्हणाले, शहाद्याहून नवी ताडपत्री आणू, जिजीला देऊ, झालं. पुरुषांना वाटतं बाजारात सगळं मिळतं. मी म्हटलं, एक तर तेही प्लास्टिकच, त्यावर कढत घाटा थापणार तो थापणारच. आणि विकतची ताडपत्री काय, कुणीही आणील. घरोघर ताडपत्री आली की जिजीला कोण विचारतंय?

शेवटी एका दुपारी तिनंच विचारलं. मी मीठ मागायला गेले होते.

"काय वं, मन्हा कागद फाटना का?"

मी म्हटलं, "नही जिजी."

"मंग तू त्याकडे अशी का देखस?"

मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं. थिगळाचं सांगितलं, शाईचं सांगितलं, सोड्यानं धुतलेल्याही पिशवीचं सांगितलं. इतकं हळू मी आयुष्यात बोलले नसेन. वाटलं, आता ती म्हणेल, इतकी वर्षं चाललं आणि आता तुला सुचलं? म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त माझा दंड धरला. बोटं गार पडली होती.

"पोरनी कितल्या खाध्यात?"

"एक बी नही. आधीच दिसनं."

"खरं सांग."

"तुमनी आन, जिजी."

तिनं डोळे मिटले. मग कितीतरी वेळ एकेक घर मोजल्यासारखी बोलत राहिली. या घरची सून गरोदर होती तेव्हा आपण तिथं कुरडया वाळवल्या, त्या घरी बारसं होतं तेव्हा वड्या. आपल्यामुळं काही झालं असेल का, आपल्या हातून कुणाला काही गेलं असेल का. मी म्हटलं, जिजी, सगळ्या गावाचे डबे तसेच आहेत, सगळ्यांच्या गोण्या तशाच, तुमचं एकटीचं नाव कसं काढता? पण तिला ते ऐकू जात नव्हतं. मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी उठून तिची भांडी घासून टाकली. ती घासलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी ती अंगणात कागद घेऊन बसली आणि दाभणानं टाका टाका उसवू लागली. मी म्हटलं, विळीनं फाडा ना एकदम. "नही," म्हणाली. उसवून झाल्यावर पिशव्यांची चळत बांधली. जाळायची म्हटलं तर तो धूर पुन्हा गल्लीतच. नदीकाठी टाकावी तर पुरात तापीत जाणार. औषध विकणाऱ्या दुकानदाराला मालकांनी विचारलं, तर तो म्हणाला आम्ही विकतो, परत घेत नाही. ती चळत आजही गोठ्याच्या माळ्यावर आहे. कुठं द्यावी ते अजून कुणी आम्हाला सांगितलेलं नाही.

मग जिजी घरोघर गेली. हातात काही नाही, म्हणून उंबऱ्याच्या बाहेरूनच सांगत गेली: कागद आता नाही, त्यावर वाळवलेलं खाऊ नका, औषधाच्या पिशवीत काही ठेवू नका. काही घरी ऐकलं. काही घरी म्हणाले, जिजीचं वय झालं. एका घरी म्हणे सुनेनं लगेच औषधाच्या डब्यातलं गुळाचं पाणी ओतून दिलं. तेवढं एक सांगताना तिच्या चेहऱ्यावर जरा धुगधुगी आली.

वैशाखात समोरच्या घरी लग्न निघालं. वड्यांच्या मुहूर्ताची सकाळ. मी पोरीचे केस विंचरत होते आणि दारातून मला जिजी दिसली. न्हालेली, धुतलेलं पातळ, कुंकवाच्या जागी बोट फिरवून पुसण्याची तिची सवय, तीही करून झालेली. तयार होऊन ओट्यावर बसली होती. समोरच्या अंगणात विकतची निळी ताडपत्री पसरली होती. गाणी सुरू झाली. जिजी मान वळवून गल्लीच्या तोंडाकडे बघायची, कुणी पोर धावत येतंय का, "जिजी, चला" म्हणत. ऊन ओट्यावर चढलं. गाणी संपली. तिनं पाय वर घेतले, सूप ओढलं आणि तांदूळ निवडायला लागली. तांदळात एक खडा नव्हता.

गरज सरो, वैद्य मरो! मी तशीच फणी हातात घेऊन समोर निघाले होते. पोरीनं हात धरला, "आई, लग्नघर शे." खरंच होतं. कुणाच्या शुभकार्यात मी कसली जीभ चालवणार? पण त्या दिवशी मला माझ्या गल्लीचा, माझ्या बायांचा आणि त्या निळ्या ताडपत्रीचा असा संताप आला, की रात्रीचं जेवण मी केलंच नाही. कागद काढायचं मी सांगितलं होतं. ते बरोबरच होतं, आजही सांगेन. पण त्याची किंमत ती एकटी देत होती आणि मी शेजारी बसून बघत होते.

पावसाळ्यात पोरीला मुलगा झाला. सव्वातीन किलोचा, रडका, आजीवर गेलेला म्हणतात सगळे. जिजीनं त्याच्यासाठी जुन्या धोतराची दुपटी शिवली, जेठांच्या ट्रंकेतल्या. रबराचं, प्लास्टिकचं काही त्याच्या अंगाखाली जाऊ दिलं नाही. बाळाला मात्र ती आमच्या खोलीत येऊन घ्यायची नाही. मी नेऊन दिला की घ्यायची, मागच्या खोलीत.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या लेकाचं लग्न ठरलं. आता मुहूर्त माझ्या अंगणात, आणि माझ्या अंगणात कुणाचं चालतं ते गल्लीला माहीत आहे. पोर बाळाला घेऊन आली. आतेसासूबाई आल्या, वयानं सगळ्यात मोठ्या, मानाच्या, तोंडानं माझ्याही वरताण. ताडपत्री नको म्हणून जेठांचीच उरलेली धोतरं जोडून मी धुऊन ठेवली होती. आदल्या दिवशी बायका बसल्या आणि पहिल्या वड्या कुणाकुणाच्या हातानं, ते ठरू लागलं. चार सवाष्णींची नावं झाली.

मी म्हटलं, "पहिली वडी जिजी घालतील."

मग आतेसासूबाई म्हणाल्या, "पहिला हात तिना? गाव काय म्हनी?"

मी ठरवलं होतं शांत राहायचं. खरंच ठरवलं होतं.

"आत्याबाई," मी म्हटलं, "इतकी वर्षं तुमच्या, माझ्या, हिच्या, तिच्या घरच्या मुहूर्ताच्या वड्या जिजीच्या कागदावरच पडल्या. तिनं हातानं धुतलेल्या, हातानं शिवलेल्या. तेव्हा कुणाला विटाळ झाला? विषाची पिशवी मुहूर्ताला चालली, आणि जिनं आपल्या लेकराबाळांना विष नको म्हणून ती उसवली, ती बाई चालत नाही? गाव काय म्हणायचं ते मला म्हणू दे. मी ऐकून घेणाऱ्यातली दिसते का?"

आतेसासूबाईंनी तपकीर ओढली, दोनदा शिंकल्या आणि म्हणाल्या, "डाळ जास्त बारीक नको वाटू." मी ते होकार समजले.

संध्याकाळी मागच्या खोलीत गेले. जिजी दिवा लावत होती. सांगितलं, उद्या सकाळी अंगणात या, पहिली वडी तुमच्या हातची. तिनं इकडे तिकडे बघितलं, भिंतीकडे, ट्रंकेकडे, कोपऱ्याकडे, जिथं कागदाची गुंडाळी उभी असायची.

"पन मी काय लई येऊ वं?"

काय घेऊन येऊ, हे विचारत होती ती. मी म्हटलं, "काहीच नको जिजी. हात लई या."

सकाळी ती आली. दारात थांबली. दोन्ही हात पदराखाली, जणू रिकामे हात कुणाला दिसू नयेत. मी मनगट धरून तिला पाटावर बसवली. पहिली वडी वाकडीच पडली, धोतराच्या शिवणीवर.

"जराशी मोठी टाक," आतेसासूबाई डाफरल्या. "नवरदेवनी वडी शे का उंदीरनी?"

"हिना लगीनमा बी तुम्ही इतलीच टाकी व्हती, आत्याबाई," जिजी माझ्याकडे बघून म्हणाली. हळूच म्हणाली, पण सगळ्यांनी ऐकलं. आतेसासूबाईंसकट सगळ्यांत असा हशा उडाला की बाळ दचकून रडायला लागलं. मग गाणी सुरू झाली आणि जिजीनंच ती उचलली. तिचा आवाज इतका गोड आहे हे माझ्याही लक्षात राहिलं नव्हतं.

वड्या वाळल्या. कपड्याला चिकटल्या, पाणी शिंपडून सोडवाव्या लागल्या, काही तुटल्या, तुटलेल्या तिथंच खाल्ल्या. उन्हं कलली तसं जिजी उठली. सवयीनं कड धरली, धूळ झटकली, गुंडाळायला लागली. अर्ध्यावर तिचे हात थांबले. धोतर आमच्या घरचं होतं, आमच्याच घरात राहायचं होतं. ती कड हातात धरून तशीच उभी राहिली.

मी तिच्या हातातून कड घेतली आणि बाळ तिच्या हातात दिलं.

"बठा जिजी," मी म्हटलं. "आज तुमले काही गुंडाळीसन लई जानं नही शे."

ती बसली.